इंग्लंड, ब्रिटन की यूके?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिला होता. नोकरीनिमित्त मी काही वर्षं ग्लासगोला होतो, त्यामुळे हा विषय माझ्या वाट्याला आला. पण बर्फ कसा पडतो आणि तिथे भाजी किती महाग मिळते, हे आता कोणाला नवीन राहिलेलं नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं बाहेर आहेत, तुम्ही रोज व्हिडिओ कॉलवर ते बघता. म्हणून मी एकच गोष्ट निवडली, त्या देशाचं नाव.

आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात ज्यांच्या मुलांची निवड झाली, त्यांचे पेढे मी मोजत होतो. कोणी लिहिलं, ‘लेक लंडनला चालली’. ती चालली होती कार्डिफला. कोणी लिहिलं, ‘मुलगा इंग्लंडला’. तो होता एडिंबरोला. एकाने लिहिलं ‘यूके’ आणि खाली शहर दिलं डब्लिन! अभिनंदन सगळ्यांचं मनापासून, पण या तीन वाक्यांपैकी एकही बरोबर नाही. तिसऱ्याने तर व्हिसाचीच पंचाईत होऊ शकते. ती कशी, ते पुढे सांगतो.

आधी साधा हिशेब मांडू. बाईंनी फळ्यावर मांडला असता तसा.

तिथे दोन मोठी बेटं आहेत. मोठ्या बेटाचं नाव ग्रेट ब्रिटन. त्यावर तीन देश : इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. शेजारच्या बेटाचं नाव आयर्लंड. त्याच्या ईशान्येकडचा तुकडा म्हणजे उत्तर आयर्लंड. ग्रेट ब्रिटनवरचे तीन आणि हा चौथा मिळून जे राष्ट्र होतं, त्याचं पूर्ण नाव ‘युनायटेड किंगडम ऑफ ग्रेट ब्रिटन अँड नॉर्दर्न आयर्लंड’. हेच आपलं यूके. आयर्लंड बेटाचा उरलेला मोठा भाग हे स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. त्याची राजधानी डब्लिन, चलन युरो, आणि ते युरोपीय संघात आहे.

म्हणजे इंग्लंड हा यूकेचा एक भाग. सर्वांत मोठा, सर्वांत जास्त लोकवस्तीचा, राजधानी पोटात असलेला, पण भागच. एखाद्या स्कॉटिश माणसाला ‘तुम्ही इंग्लंडचे ना?’ असं विचारणं म्हणजे मद्रासी म्हटलेल्या केरळच्या माणसाचा चेहरा आठवा, तसं होतं.

हे चौघे एकाच दिवशी एकत्र आले असते तर घोळ झाला नसता. ते टप्प्याटप्प्याने आले. १५३६ आणि १५४२ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला गेला. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला, पण राज्यं वेगळी राहिली. मुंबई बेट ज्याला हुंड्यात मिळालं तो दुसरा चार्ल्स हा इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड अशा तीन वेगळ्या राज्यांचा एकच राजा होता. मग १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संसदा एक झाल्या आणि ‘ग्रेट ब्रिटन’ हे राज्य जन्माला आलं. तारीख सांगतो, तुम्ही विसरणार नाही : १ मे. आपला महाराष्ट्र दिन! आपण १ मे १९६०, ते १ मे १७०७. पुढे १ जानेवारी १८०१ रोजी आयर्लंड जोडला गेला आणि ‘युनायटेड किंगडम’ हे नाव आलं. १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग बाहेर पडला, सहा परगणे मागे राहिले, आणि १९२७ मध्ये नावात ‘नॉर्दर्न’ हा शब्द आला.

त्यांचा झेंडा बघितला तरी हा इतिहास दिसतो. इंग्लंडचा पांढऱ्यावर लाल उभा-आडवा क्रॉस, स्कॉटलंडचा निळ्यावर पांढरा तिरका क्रॉस, आणि १८०१ मध्ये त्यात मिसळलेला आयर्लंडचा लाल तिरका क्रॉस. वेल्सचं त्यात काहीच नाही. झेंडा ठरायच्या आधीच वेल्स इंग्लंडमध्ये धरला गेला होता. वेल्सच्या माणसाला हे बोचतं. त्याहून एक गंमत, किंवा दुःख म्हणा. ‘वेल्स’ हे नावच शेजाऱ्यांनी दिलेलं. जुन्या जर्मानिक भाषांतला तो शब्द ‘परके’ अशा अर्थाचा. ते स्वतःच्या देशाला म्हणतात ‘कम्री’, म्हणजे आपल्या माणसांचा देश. स्वतःच्याच घरात परके म्हणवून घ्यायचं, तेही शेकडो वर्षं!

आता इतिहासाच्या सरांना आवडेल अशा भागाकडे येतो. तो आपल्या अंगणातलाच आहे.

‘वसईचा तह’ आपण सगळ्यांनी पाठ केला. ३१ डिसेंबर १८०२, दुसरा बाजीराव आणि इंग्रज. पाच गुणांचा प्रश्न हमखास. आता त्या तहातले ‘इंग्रज’ कोण होते ते पाहू. गव्हर्नर जनरल होता रिचर्ड वेलस्ली, जन्म आयर्लंडमधला. पुण्याच्या दरबारातला रेसिडेंट होता बॅरी क्लोज, त्याचं घर आयर्लंडच्या आर्मा परगण्यातलं. त्या वेळचा मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन, तो स्कॉटलंडचा. तहामुळे जे युद्ध पेटलं, त्यात सप्टेंबर १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या असईला लढाई झाली. सेनापती आर्थर वेलस्ली, रिचर्डचा धाकटा भाऊ, जन्म डब्लिनचा. त्याच्या फौजेत बहुसंख्य आपलेच शिपाई होते, आणि ज्या दोन गोऱ्या पायदळ पलटणींचं नाव त्या लढाईत झालं, त्या ७४ वी आणि ७८ वी, दोन्ही स्कॉटिश हायलँडर. आणि वसईचा तह झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘युनायटेड किंगडम’ला बरोबर दोन वर्षं पूर्ण झाली.

मग आपली पुस्तकं चुकली का? मी तसं म्हणणार नाही. कंपनी लंडनची, कारभाराची भाषा इंग्रजी. ‘इंग्रज’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आला असं मानतात, आणि पोर्तुगीज तर आपल्या वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत, दोनशे वर्षं नांदले. तेव्हा स्कॉटलंड वेगळा होता, ‘इंग्रज’ म्हणजे खरोखरच इंग्लंडचे लोक. शब्द आपल्या जिभेवर बसला, आणि नंतर त्यांचं राज्य बदललं, नाव बदललं, तरी आपण जुनाच शब्द चालवला. वेलस्ली बंधूंचं घराणं मुळात इंग्लंडहून आयर्लंडमध्ये जाऊन स्थायिक झालेलं, त्यामुळे त्यांना स्वतःला ‘आयरिश’ म्हणवून घेणं कितपत आवडलं असतं, हाही प्रश्नच. पण ज्या स्कॉटिश लोकांचा उल्लेख केला, ते इंग्रज नव्हते हे नक्की.

आणि हे लोक आपल्याला रोज भेटत होते. विरार लोकलने ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना विचारा. एल्फिन्स्टन रोड, जे २०१८ पासून प्रभादेवी झालं, ते नाव ज्या एल्फिन्स्टन घराण्याचं, ते स्कॉटलंडचं. पेशवाईच्या अखेरीस पुण्याला रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्याच घराण्यातला. ग्रँट रोडचा रॉबर्ट ग्रँट स्कॉटिश घराण्यातला, जन्माने बंगालमधला. चर्नी रोडला उतरून ज्या विल्सन कॉलेजला आपल्यातले काही जण गेले, ते काढणारे जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिश. आपण मात्र सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं.

आयर्लंडशी आपलं नातं वेगळ्या वळणाचं. लोकमान्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली. ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडच्या चळवळीतून आलेला. त्याच एप्रिल महिन्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. म्हणजे ज्या राष्ट्राचे सेनापती असईला आपल्याशी लढले, त्याच राष्ट्राकडून आपण स्वराज्याच्या मागणीचा शब्द घेतला.

मुलांसाठी क्रिकेटकडे वळतो, नाहीतर मागच्या रांगेतले जेवणाच्या मंडपाकडे बघायला लागतील.

‘इंग्लंडचा संघ’ असं आपण म्हणतो. तो चालवणारं मंडळ ‘इंग्लंड अँड वेल्स’ असं आहे, फक्त त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून वेल्सचं अक्षर गळलंय. १९७२-७३ मध्ये तो संघ भारतात आला तेव्हा आपल्यातल्या ज्येष्ठांनी रेडिओला कान लावून ऐकलं असेल. मालिका आपण २-१ अशी जिंकली. त्या ‘इंग्लंड’चा कर्णधार होता टोनी लुईस, वेल्सचा. १९७४ मध्ये आपण तिकडे जाऊन लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झालो, तेव्हा त्यांचा कर्णधार माइक डेनेस, स्कॉटलंडचा. २०१९ मध्ये त्यांनी विश्वचषक जिंकला तो ऑयन मॉर्गनच्या हाताखाली, आणि मॉर्गनचा जन्म डब्लिनचा. सर्वांत भारी डग्लस जार्डिन. आईवडील स्कॉटिश, जन्म १९०० साली मुंबईत मलबार हिलला, कर्णधार इंग्लंडचा. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये मुंबई जिमखान्यावर झाली, तेव्हा तोच नाणेफेकीला उतरला होता.

फुटबॉलमध्ये मात्र चारही देशांचे संघ वेगवेगळे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातला पहिला सामना १८७२ मध्ये ग्लासगोला झाला, फिफा स्थापन झाली १९०४ मध्ये. त्यांचे संघ आधीपासून होते, ते तसेच राहिले. ऑलिंपिकला पुन्हा सगळे एक, नाव ‘टीम जीबी’. त्यात उत्तर आयर्लंडचं नावच येत नाही, आणि तिथल्या खेळाडूला ब्रिटन किंवा आयर्लंड यांतलं काहीही निवडता येतं. आयर्लंडचा क्रिकेट संघ मात्र संपूर्ण बेटाचा, सीमेच्या दोन्ही बाजूंचा. टीव्हीसमोर बसलेल्या नातवाने ‘आजोबा, हे नक्की किती देश?’ असं विचारलं, तर त्याचं उत्तर खेळावर अवलंबून आहे!

हसू येतं खरं, पण तिथे या नावांवरून रक्तही सांडलंय. उत्तर आयर्लंडमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराला एक बाजू डेरी म्हणते, दुसरी लंडनडेरी. तुम्ही कोणतं नाव उच्चारता, त्यावरून समोरचा तुमचा पक्ष, कधी कधी धर्मही ओळखतो. तीस वर्षं तिथे हिंसाचार चालला, १९९८ च्या एप्रिलमध्ये करार झाला तेव्हा तो थांबला. त्या करारानुसार तिथे जन्मलेला माणूस स्वतःला ब्रिटिश म्हणवू शकतो, आयरिश म्हणवू शकतो, किंवा दोन्ही. नाव निवडायचा हक्क शांततेच्या करारात लिहावा लागला, यावरून काय ते समजा.

स्कॉटलंडमधला किस्सा त्या मानाने सौम्य. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली, तिला ‘दुसरी’ म्हटलं गेलं. पण पहिली एलिझाबेथ फक्त इंग्लंड आणि आयर्लंडची राणी होती, स्कॉटलंडची नव्हती. मग आमची ही पहिलीच, दुसरी कशी? एडिंबरोत ‘दुसरी’ अशी खूण असलेली टपालपेटी बसवली, ती फेब्रुवारी १९५३ मध्ये लोकांनी स्फोटाने उडवली. प्रकरण न्यायालयात गेलं. सरकार खटला हरलं नाही, पण त्यानंतर स्कॉटलंडमधल्या नव्या पेट्यांवर ती खूण घातली नाही, स्कॉटलंडचा मुकुट घातला. पुढे सप्टेंबर २०१४ मध्ये स्वतंत्र व्हायचं का, यावर तिथे मतदान झालं. पंचावन्न टक्क्यांनी ‘नको’ म्हटलं, पंचेचाळीस टक्क्यांनी ‘हो’. २०१६ मध्ये युरोपीय संघ सोडण्याच्या मतदानात इंग्लंड आणि वेल्सने ‘सोडा’ म्हटलं, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने ‘राहू’ म्हटलं, आणि चौघांनाही सोडावं लागलं. अशा देशातल्या माणसाला ‘सगळं इंग्लंडच की’ असं म्हटलं तर त्याला काय वाटत असेल?

मला ते समजायला अवघड गेलं नाही, कारण मी फुलपाड्याचा आहे.

ऑफिसात माझी ओळख ‘मुंबईचा’ अशी करून देत. मी म्हणायचो, विरारचा. इथे विरार स्टेशनला कोणी विचारलं तर मी म्हणतो, फुलपाडा. पुण्याच्या नातेवाइकांसाठी आपण ‘वसईकडचे’. आपल्या सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून बघा, त्यावर ‘ता. वसई, जि. ठाणे’. आधार कार्डावर ‘जि. पालघर’, कारण १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हाच बदलला. घर तेच, विहीर तीच, जीवदानीचा डोंगर तोच, कागदावर मात्र आपण जिल्हा बदलून आलो. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. नावात दोनच शहरं आली. नालासोपाऱ्याचे मित्र आजही चिडवतात, की प्राचीन बंदर आमचं, नाव मात्र तुमचं. काही गावांनी पालिकेत जायला विरोध केला, आंदोलन झालं, प्रकरण कोर्टात गेलं. या सभागृहात दोन्ही बाजूंची माणसं बसली आहेत, म्हणून त्यात शिरत नाही. एवढंच म्हणतो, की ‘आम्हाला त्या नावाखाली घेऊ नका’ म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आपले ख्रिस्ती बांधव घ्या. मुंबईकडच्या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. राहतात पश्चिम किनाऱ्यावर, नाव ‘पूर्वेकडचे’, कारण ते कंपनीच्या नावावरून आलं. बाहेरचा माणूस वसईच्या सगळ्याच ख्रिस्त्यांना ईस्ट इंडियन म्हणून मोकळा होतो. कुपारी वेगळे, वाडवळ वेगळे, कोळी वेगळे, बोली वेगळ्या, आणि सगळेच स्वतःला त्या नावाने ओळखत नाहीत. आपल्या वर्गातच या सगळ्या बोली बोलणारे होते, मधल्या सुट्टीत डब्यांइतक्याच त्याही आपण वाटून घेतल्या. आणि लांबचं कशाला, आपली विलायती चिंच! झाड मूळ मेक्सिकोकडचं. विलायतेचा आणि तिचा काडीचा संबंध नाही. गुरुजनांची क्षमा मागून आणखी एक. ज्याला आपण ‘इंग्लिश’ म्हणतो, त्यातली सर्वांत नावाजलेली बाटली स्कॉटलंडची असते. तिथे ती ‘इंग्लिश’ म्हणून मागून बघा!

आता मुलं पाठवणाऱ्यांसाठी कामाचं.

यूकेचा व्हिसा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड या चारही ठिकाणी चालतो. डब्लिनला चालत नाही. बेलफास्टहून डब्लिनला रेल्वे जाते, वाटेत नेहमीसारखी पासपोर्ट तपासणी नसते, त्यामुळे मुलं सहज जातात. पण भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. दोन्ही देशांच्या एका संयुक्त योजनेचा शेरा व्हिसावर असेल तर गोष्ट वेगळी, तो आहे का ते आधी बघा. पकडलं नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे.

स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी साधारण चार वर्षांची, इंग्लंडमध्ये तीन. फीचा हिशेब करताना हे एक वर्ष धरा. कायदा वेगळा, त्यामुळे भाड्याच्या घराचे नियमही वेगळे. स्कॉटलंडच्या बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या पौंडच आहेत, पण लंडनचा दुकानदार कधी कधी उलटसुलट करून बघतो. ऑनलाइन अर्ज भरताना देशांच्या यादीत ‘इंग्लंड’ सापडलं नाही तर घाबरू नका, ‘युनायटेड किंगडम’ शोधा. कधी त्याची खूण ‘जीबी’ असते, कधी ‘यूके’. त्यांनी स्वतःच २०२१ च्या सप्टेंबरमध्ये परदेशी जाणाऱ्या गाड्यांवरची खूण ‘जीबी’ची ‘यूके’ केली. तेव्हा घोळ आपल्याच डोक्यात आहे असं समजू नका.

आणि बोलताना काय म्हणावं? राष्ट्राबद्दल, सरकारबद्दल, व्हिसाबद्दल बोलायचं असेल तर यूके किंवा ब्रिटन. माणसाबद्दल बोलायचं असेल तर आधी त्याला विचारावं, ‘तुम्ही कुठले?’ तो म्हणेल स्कॉटिश, वेल्श, आयरिश, इंग्लिश किंवा ब्रिटिश. तो जे म्हणेल ते आपण म्हणावं. स्वतःला ब्रिटिशच म्हणवणारेही पुष्कळ आहेत, त्यांत आपल्याकडून गेलेल्यांची पुढची पिढी फार. त्यांना इंग्लिश म्हणवून घेणं जड जातं, ब्रिटिश सोपं वाटतं. कारण त्या नावात चौघांसाठी जागा करून ठेवलेली आहे, पाचव्यालाही ती सापडते.

भूगोलाच्या बाई आज समोर बसल्या आहेत. त्यांना एक विनंती. शाळेत नव्या मुलांना जगाचा नकाशा दाखवाल, तेव्हा त्या दोन बेटांवर पाच मिनिटं जास्त थांबा, आणि लगेच तालुक्याचा नकाशा उघडा. आपला पाडा, आपलं गाव, आपलं शहर, आपला जिल्हा अशी नावं मुलांकडून म्हणवून घ्या. ज्याला स्वतःच्या पत्त्यातली सगळी नावं सांगता येतात, तो दुसऱ्याचं नाव विचारायला विसरणार नाही.